चाकामागचा दगड

केजकरांनो, राम राम. मी आन बायको सुनीता न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन, म्हंजी आतच चूल आन बिछाना असलेली गाडी, घेऊन फिरतोय. परदेशात पहिल्यांदाच आलोय.

दुपारी तळ्याच्या उतारावर गाडी थांबवली. सुनीता उतरून चाकामागं लावायला दगड शोधू लागली. मी स्टिअरिंगवरूनच खेकसलो, "ही काय आपली केजची जीप हाय का? लोक हसतील!"

"हसू द्या," म्हणत तिनं दगड लावला आन चहा ठेवायला आत गेली.

मी खाली उतरलो तशी गाडी मागं, तळ्याकडं सरकली. हँडब्रेक ओढायचाच राहिलता.

"सुनीता, उडी मार!"

गाडी दगडाला अडली.

ती दारात आली. "चहा सांडला," एवढंच बोलली.

बायकोपुढं चूक कबूल करायला तुमाला जमतं का? मला जमेना. ती या ग्रुपवर हाय, म्हणून इथं लिहिलं.