एका कान्याची दुरुस्ती

चित्रकथा छापणाऱ्या त्या प्रकाशनात मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना सगळे वेलांटीकाका म्हणत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना पान उलटता उलटताच खुपायची. सव्वीस वर्षं हेच काम. रस्त्याने जातानाही ते दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात सुधारत चालायचे आणि बायको म्हणायची, "अहो, आधी समोरचा खांब बघा!"

एकदा त्यांच्याकडे एका नवख्या हाताची चित्रकथा आली. तिचा नायक गोदामात खोकी उचलणारा मुलगा. संध्याकाळी डोक्यावर यंत्र चढवून तो आभासी जगातल्या खेळात शिरायचा आणि तिथे ड्रॅगन पाळणारी योद्धी व्हायचा. बाहेर तो 'मी आलो' म्हणे, आत 'मी आले'. शेवटच्या पानावर यंत्र उतरवून तो घरी येतो. आतून आई विचारते, कोण? त्यावर संवादाच्या फुग्यात उत्तर होतं, 'आई, मी आले.'

काकांचं लाल पेन तिथे थांबलं आणि 'आले'चं 'आलो' करून पुढे चाललं.

अक्षरजुळणी करणारी मुलगी म्हणाली, "काका, समासात टीप आहे. 'आले' असंच ठेवा म्हणून."

"वाचली. खेळात बाई होता तोवर मी काही बोललो का? आता यंत्र उतरलंय. व्याकरण काय कुणाच्या मर्जीवर चालतं?"

मुलीने निमूटपणे काना वाढवला. खरं तर व्याकरणाचं नुसतं नाव होतं. त्या पानाने काका आतून अस्वस्थ झाले होते, आणि काना पडल्यावर त्यांना हायसं वाटलं.

पुस्तक छापून आलं आणि तिसऱ्या दिवशी लेखिका कचेरीत आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारी. अंगात पुरुषी शर्ट, नखांवर फिकट रंग. तिने मालकांपुढे शेवटचं पान उघडून ठेवलं.

"या एका शब्दासाठी बाकीची नव्वद पानं काढली होती मी."

मालक जुळणीवाल्या मुलीवर कडाडले, "टीप दिसली नाही तुला?"

मुलीने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. काच लख्ख होती, तरी ते पुसत राहिले.

"सॉरी सर," मुलगी म्हणाली.

त्या रात्री काकांनी अर्धं ताट तसंच बाजूला सारलं. बायकोने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते 'काही नाही' म्हणाले. सकाळी त्यांनी मालकांना खरं सांगितलं, तर मालक हसले. "जाऊ द्या हो काका, तिला झाडून झालंय माझं."

मग काका चष्म्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभे राहिले.

"ती चूक माझी होती," ते म्हणाले. "टीप वाचूनही केली मी."

तिने हातातली काच खाली ठेवली. "घरी मी 'आले' म्हटलं की बाबाही लगेच सुधारतात. पण ते तोंडाने. तुम्ही छापून सुधारलंत."

 काकांनी कशीबशी माफी मागितली. "बघते," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा मशीनकडे वळली.

विकायच्या राहिलेल्या तीनशे प्रती काकांनी आपल्या टेबलावर मागवल्या. ब्लेडच्या टोकाने एकेक काना खरवडायला पाच दिवस लागले. काही ठिकाणी कागद फाटला. त्या प्रती त्यांनी बाजूला काढल्या आणि पदरचे पैसे भरून घरी नेल्या.

जुळणीवाल्या मुलीची माफी त्यांनी सगळ्यांसमोर मागितली. "ठीक आहे काका," ती म्हणाली, अगदी नम्रपणे. पूर्वी ती शेजारी खुर्ची ओढून एकेका शब्दावरून त्यांच्याशी हुज्जत घालायची. आता मुद्रितं आणून टेबलाच्या कडेला ठेवते आणि ते मान वर करायच्या आत निघून जाते.