न दिसणारी आग

वैशाखातल्या भर दुपारी मिथेनॉलची ज्वाळा दिसत नाही; दिसते ती नुसती थरथरणारी हवा, आणि मागाहून येतो भाजल्या कातडीचा वास, जो आमच्या बेलापूरच्या घरात पडदे बदलून, भिंती रंगवूनही तीन वर्षांत माझ्या नाकातून गेलेला नाही. महापेच्या कारखान्यात गळती झाली की आमचे हे लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की कळायचं, आग इथे आहे. तीन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी आत अडकलेल्या सोबत्याच्या किंकाळ्या ऐकून हे झाडू न घेता तसेच धावले. सोबती वाचला, ह्यांचे दोन्ही हात आणि अर्धा चेहरा भाजून निघाला. त्या दिवसाचा विषय घरात काढायचा नाही, हा नियम माझा.

आणि आमची कन्या! ‘आई, ताऱ्यांचा अभ्यास करते,’ एवढंच सांगत आली. गेल्या रविवारी तिच्या लॅपटॉपवर अवकाशातल्या तांबूस, सुंदर मेघाचं चित्र होतं आणि त्यावर लिहिलेलं: मिथेनॉल. माझं डोकंच फिरलं.

“कार्टे, एवढ्या आकाशात तुला हेच सापडलं? विषय बदल, नाहीतर या घरात पाऊल ठेवू नकोस!” म्हणत मी लॅपटॉप असा आपटून मिटला की तिची बोटं आत चिरडली.

ती रडली नाही. बोटं दाबून धरत बाबांकडे वळली आणि सांगू लागली, की त्या काळोख्या, गोठलेल्या मेघांत धुळीच्या कणावर कार्बन मोनॉक्साइड साकळतो, हायड्रोजनचे अणू एकेक करून त्याला बिलगतात आणि बर्फातच मिथेनॉल घडतं. मग जवळच तारा जन्मू लागतो, वायूचे झोत सुटतात, त्यांच्या तडाख्याने बर्फाची सालं उडतात, कण कणावर आदळून फुटतात आणि त्या कल्लोळातून ते मोकळं होतं. ताऱ्याचा जन्म इतका राक्षसी असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

“तिथं पेटतं का गं?” ह्यांनी विचारलं.

“नाही बाबा. पेटायला मोकळा ऑक्सिजन लागतो. तिथे तो नसल्यातच जमा.”

“आमच्याकडं लई होता,” हे म्हणाले, आणि त्या दुपारचं सांगू लागले.

मी सवयीने त्यांना थांबवायला उठले.

“बस गं. तीन वर्षं तू बोलू दिलं नाहीस.”

मी खाली बसले. त्यांना त्रास नको म्हणून नियम केला, असं मी जगाला सांगत होते. भ्याले होते मी, आणि तोंड बांधलं होतं त्यांचं. लेकीने विषय बदलावा की नाही, हे त्या दिवशी पुन्हा निघालं नाही. हे बोलत राहिले, आणि कुठेसे अडखळले तेव्हा मीच विचारलं, “मग? पुढे काय झालं?”