कुलपातलं वासरू

आमच्या तिघींकडे दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, पिशवीच्या तळाशी उरलेल्या लोकरीचे तुकडे. आणि दुसरे, लोकांचे प्रताप! लोकर निदान वापरून तरी संपते.

तिघी म्हणजे मी, करुणा आणि नसरीनभाभी. हिंगोलीत एकाच गल्लीत राहतो. करुणा दवाखान्यात सिस्टर आहे, नसरीनभाभी ब्लाऊज शिवतात आणि मी रिटायर्ड बालवाडीवाली. दुपारी माझ्या ओसरीत बसून आम्ही क्रोशाच्या सुईनं लोकरीचे छोटे छोटे प्राणी विणतो. आत कापूस भरायचा, डोळे लावायचे, आणि ओळखीत कुणाकडे बारसं असलं की भेट द्यायची. विकत नाही. अपेक्षा एकच, ते खेळणं लेकराच्या हातात पडावं. त्यानं ते ओढावं, चावावं, कुशीत घेऊन झोपावं. एवढी साधी गोष्ट, पण लोक होऊ देतील तर शपथ!

*

एकदा मी एसटीनं आखाडा बाळापूरला निघाले होते. एका बाहुलीचं डोकं धडाला जोडायचं राहिलं होतं. म्हटलं, रस्त्यात तेवढंच उरकून टाकू.

शेजारच्या बाई बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होत्या. मी सुई बाहुलीच्या मानेत घालायची, पलीकडून ओढून काढायची. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "कोणासाठी हाय हे?"

"नणंदेच्या सुनेला," मी दातानं दोरा तोडत म्हणाले. तिचं नुकतंच डोहाळजेवण झालं होतं.

बाई ताडकन उठल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. बाळापूरला उतरताना मात्र माझ्या कानाशी आल्या. "बाई, घरातलं भांडण हाय. असलं काही करू नका. बोलून मिटवा!"

मी! करणी! ज्या बाईनं आयुष्यभर पोरांना भुताला भिऊ नका म्हणून सांगितलं, ती करणी करणार? मी तिला समजवायला तोंड उघडलं तोवर ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

*

करुणानं शिरड शहापूरच्या मामेभावाच्या पोरासाठी काळंभोर अस्वल केलं होतं. पोटावर पांढरी चकती, गुबगुबीत पंजे. नाइट ड्युटीवरून येऊन, डोळे चोळत चोळत केलेलं.

काही महिन्यांनी ती औंढ्याच्या रस्त्यानं एसटीत खिडकीशी बसली होती. पुढं एक नवाकोरा पिकअप. आणि त्याच्या मागच्या बाजूला, लिंबू-मिरचीच्या शेजारी, तारेनं गळ्याला बांधलेलं अस्वल! चिखलानं माखलेलं, खड्डा आला की उसळून फाळक्यावर आपटणारं.

करुणानं तिथल्या तिथं भावाला फोन लावला. "अरे, ते लेकराला खेळायला दिलतं! गाडीला काहून लटकवलं?"

भाऊ खुशीत म्हणाला, "ताई, काळं हाय ना, नजर लागत न्हाई. लई पावर हाय त्याच्यात. गाडी एकदाबी पंक्चर न्हाई झाली! ट्रॅक्टरलाबी एक पाठव ना."



*

नसरीनभाभींचा किस्सा याच्याही वरचा. त्यांनी एका ब्लाऊजच्या गिऱ्हाइकाच्या नातवाला घुबड दिलं होतं. आमच्याकडं आहेर कसा फिरतो ते तुम्हाला माहीतच आहे. ब्लाऊजपीस, स्टीलचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, कुणी वापरत नाही, फक्त पुढं ढकलतात. तसंच ते घुबडही निघालं प्रवासाला. आणि फिरत फिरत आलं कुठं, तर भाभींच्याच नातीच्या वाढदिवसाला! ओळखीतल्या एक मॅडम चकचकीत कागदात गुंडाळून घेऊन आल्या.

भाभींनी घुबड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, डोळ्याच्या जागच्या हिरव्या बटणावर बोट फिरवलं. "बहोत अच्छा है. कहाँ से लाये?"

"पुण्याहून मागवलं. इम्पोर्टेड माल आहे, इकडं मिळत नाही."

"हौ क्या?" भाभी म्हणाल्या. "फिर इम्पोर्टेडवालों ने मेरी हरी कुर्ती का बटन कहाँ से लाया?"

मॅडम जेवायला थांबल्या नाहीत. त्या दिवशी भाभींनी ते घुबड स्वतः नातीच्या हातात दिलं, आणि तिनं पहिल्या तासातच त्याचा कान उपटला. भाभींना एवढं खूश झालेलं मी कधी बघितलं नव्हतं.

*

आणि आमच्या गल्लीतल्या एक वहिनी! सकाळी मोबाइलवर जिराफाचा फोटो पाठवला. मागून फोन. "मावशी, संध्याकाळी पोरीच्या मैत्रिणीचा बर्थडे हाय. असा एक करून द्या ना."

म्हटलं, "अगं, नुसत्या मानेलाच दोन दिवस लागतात."

"तुमचा काय, हात बसलेला हाय. अन् घरी तुमी टाइमपासच करून राहिल्या ना!"

माझं टाळकंच सटकलं. "तुझा पण हात बसलाय की भाकरीवर. आज अख्ख्या गल्लीच्या भाकरी थाप. संध्याकाळी जिराफ घेऊन जा!"

तेव्हापासून वहिनी मला बघितलं की फोन कानाला लावतात.

*

पण हे सगळे परके. परक्यांवर ओरडता येतं. माझी खरी तकलीफ घरातलीच आहे.

बाळापूरला माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत, आक्का. त्यांची नात स्वरा, नुकती कुठं बोलायला लागलेली. पोरीला गोठ्याचं भारी वेड. स्वतःच्या ताटातली भाकर नेऊन वासराला भरवते. म्हणून मी तिच्यासाठी वासरू विणलं. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा. नसरीनभाभींनी मखमलीच्या तुकड्याची गुलाबी जीभ लावून दिली. त्याच्याएवढं सुंदर काही माझ्या हातून झालेलं नाही.

आक्कांनी ते बघितलं, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते सरळ शोकेसमध्ये ठेवलं! प्लॅस्टिकच्या पिशवीसकट! वरच्या कप्प्यांत कपबश्या आणि ताजमहाल, म्हणून खालच्या कप्प्यात. काच सरकवली, कुलूप लावलं, चावी कमरेला खोचली.

"आक्का, अहो, खेळायला केलंय ते!"

"एवढं देखणं हाय मंगल, लेकराच्या हाती देऊन मातीत घालू का?"

आल्यागेल्याला हाताला धरून दाखवतात. "आमच्या मंगलनं केलं." एवढ्या कौतुकानं सांगतात की भांडायची सोय नाही. रागानं माझा जीव नुसता जळतो. पोरीसाठी केलेलं वासरू पाहुण्यांसाठी कोंडून ठेवलंय, आणि वर माझंच कौतुक!

दर खेपेला मी विषय काढते, दर खेपेला आक्का चहा टाकायला उठतात.

*

मागच्या महिन्यात थोरल्या दिरांची तब्येत बघायला परत बाळापूरला निघाले. करुणानं निघताना बजावलं, "आज वासरू भाईर काढल्याबिगर येऊ नका." मीही ठरवूनच गेले होते. प्रसंगी भांडायचं. बोलणं बंद झालं तरी चालेल.

गेले तर आक्का हातात ओलं फडकं घेऊन शोकेससमोर बसलेल्या. कपाळावर आठ्या.

"बघ गं मंगल, या पोरीनं वैताग आणला. रोज जेवताना इथं येऊन बसती अन् काच खराब करती. एवढी मोठी काच, पण हिला तीच जागा लागती. पुसून पुसून हात दुखले माझे."

मी भांडण सुरू करणार, तेवढ्यात स्वरा आली. हातात वरणभाताची ताटली, सांडत सांडत. आजीच्या शेजारी येऊन बसली. एक घास स्वतः खाल्ला. दुसरा घास उचलून काचेला लावला, आतल्या वासराच्या तोंडासमोर, नेमका. थोडा वेळ वाट बघितली. भात काचेवरून खाली घसरला.

तिनं आक्कांकडे बघितलं. "आजी, ते खाईना."

आक्कांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या,

"मंगल, माझ्या कमरंची चावी काढ गं. माझे हात वल्ले हायेत."