घुबडाची खोली

धाकटी औषधांची खोकी छापणाऱ्या प्रेसमध्ये कामाला होती. खोक्यावरचा बारीक मजकूर मूळ कागदाशी ताडून पाहायचा आणि चूक सापडली की लाल खूण करायची, हे तिचं काम. जगात कुणी वाचत नाही ते ती दिवसभर वाचायची. त्यामुळे आपली चित्रकथा घरात कुणी वाचत नाही, याचं तिला फारसं नवल वाटत नसे.

चित्रकथेआधी तिनं बरेच उद्योग करून पाहिले होते. माउथऑर्गन झाला. खोडरबर कोरून शिक्के करणं झालं. बरण्यांमधून शेवाळ वाढवणं तर अजून चालूच होतं. "लोक शेवाळ घासून काढतात, आमच्या घरी त्याला पाणी घालतात," आई म्हणायची. पण चित्रकथा टिकली, कारण ती दोघींची होती.

आईचं पाऊल घराबाहेर पडणं बंद झालं आणि पुढे नजरही अधू झाली, तेव्हा ती सुरू झाली. संध्याकाळी धाकटी कामावरून आली की आई पलंगावरून विचारायची, "आज काय काढतेस?" आणि धाकटीनं उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगायला लागायची. प्राणीही तिनंच वाटून दिले होते.

"मला घुबड काढ. रात्रभर टक्क जागी असते मी. तू गोगलगाय."

"मी का गोगलगाय?"

"भाजी चिरताना बघ स्वतःला."

"आणि दादा?"

आईनं थोडा विचार केला. "उंट. पलीकडच्या खोलीतून येतो, पाणी पितो, मग चार महिने गरज पडत नाही."

चौकटींत खोली दर वेळी सारखी दिसावी म्हणून धाकटीनं रद्दीतल्या खोक्यांची एक छोटी खोली बनवली होती. पलंग, खिडकी, औषधांचं टेबल, सगळं पुठ्ठ्याचं. आई ती मांडीवर घेऊन बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "पलंग जरा भिंतीकडे घे. घुबडाला टेकायला नको?"

'घुबडाची खोली' दर गुरुवारी सकाळी इंटरनेटवर यायची. वाचक शे-दोनशे. त्यांतला 'खिडकीवाला' नावाचा एकजण पहिल्या दिवसापासूनचा. तो कोण, कुठला, काही ठाऊक नाही. दर गुरुवारी तो एखादी ओळ लिहायचा आणि धाकटी ती आईला वाचून दाखवायची. "हा माणूस शहाणा आहे," आई म्हणायची, "चहाला बोलव."

कामाच्या गडबडीत एखादा गुरुवार चुकू नये म्हणून धाकटी पुढचे भाग आधीच काढून, तारखा घालून ठेवायची. ते ज्याच्या त्याच्या दिवशी आपोआप प्रसिद्ध होत. आई सोमवारी गेली. त्या धावपळीत तारखा कुणाच्या लक्षात राहणार?

गुरुवारी घर माणसांनी भरलेलं असताना मामेबहिणीनं वहिनीसमोर फोन धरला. "अगं, ही आपली आत्याच ना?"

पडद्यावर घुबड पलंगाला टेकून बसलं होतं आणि गोगलगाय विचारत होती.

"उंट आला होता?"

"आला होता. पाणी पिऊन गेला."

"बसला नाही?"

"उंट बसला की उठायला फार वेळ लागतो, म्हणून बसलाच नाही."

वहिनीनं फोन दादाकडे दिला. दादानं दोनदा वाचलं. माणसं जाईपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "आईला घुबड? आणि तेही ती गेली त्या आठवड्यात?"

"तिनंच सांगितलं होतं, दादा. वाक्यंसुद्धा तिचीच आहेत."

"हो का?" वहिनी म्हणाली. "गेलेल्या माणसाच्या तोंडी काय, काहीही घालता येतं."

"सगळं बंद कर," दादा म्हणाला. "आजच."

घर दादाच्या नावावर होतं. ते कुणी बोलून दाखवत नसे. वहिनी तर मुळीच नाही. "आम्ही कधी विषय काढलाय का, घर कुणाचं ते?" एवढंच ती अधूनमधून म्हणायची. आताही म्हणाली.

"सहा भाग राहिलेत," धाकटी म्हणाली. "शेवटच्या महिन्यात तिनं सांगितलेले. तेवढे जाऊ देत. मग मी कायमचं बंद करते. तिचं दुसरं काही उरलं नाहीये माझ्याकडे."

हे खरं होतं. दोन दिवसांपूर्वी वहिनीनं आईची खोली आवरली होती. औषधांच्या रिकाम्या खोक्यांबरोबर पुठ्ठ्याची खोलीही कचऱ्यात गेली. "खोकीच होती ना?" वहिनीनं विचारलं होतं. खोकीच होती.

रविवारी दादा कम्प्यूटरपाशी आला. "दाखव ते सहा." तो तिच्या पाठीमागे उभा राहून वाचू लागला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून वाचत होता. तिसऱ्या भागात घुबड डॉक्टरांना म्हणतं, "गोळ्यांनी झोप येत नाही, बिलानं उडते," तिथे तो खुदकन हसला आणि लगेच खोकला. सहावा भाग उघडला.

"उंटाला सांगू नकोस हं, मला नीट दिसत नाही ते."

"का?"

"दुसराच कुणीतरी उंट पाठवून देईल."

पंखा फिरत होता. दादानं खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"हे बदल."

"दादा, हे आईचं…"

"बदल म्हणतोय ना. लिही. उंट कितीही लांब असला तरी त्याच्या गळ्यातली घंटा मला ऐकू येते. असं काहीतरी. आणि हा या गुरुवारी जाऊ दे. मग बाकीचे पाच तुझे तू टाक, मी काही बोलणार नाही."

"घंटेची कल्पना छान आहे," वहिनी दारातून म्हणाली. "घुबडाच्या डोळ्यात पाणी दाखव."

पाच वाचवायचे तर एक द्यायचा, असा हिशोब धाकटीनं केला. तिनं वाक्यं खोडली. आईच्या तोंडी घंटा घातली. डोळ्यात पाणी काढलं. तिला ते चांगलं जमलं, याचंच तिला वाईट वाटलं.

गुरुवारी तो भाग दादानं ऑफिसात, शाळासोबत्यांना, नातेवाइकांना, सगळीकडे पाठवला. "आमच्या आईवर धाकटीनं काढलंय. उंट म्हणजे मी." दुपारपर्यंत हजारो लोकांनी तो पाहिला. धाकटीच्या प्रेसचा मॅनेजर टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाई, रडवलंत." संध्याकाळी मावशीचा फोन आला, दादासाठी. "तुझ्यावर किती जीव होता रे तिचा!" दादाचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं.

फोन ठेवून तो धाकटीच्या खोलीत आला. आईच्या पलंगाजवळची खुर्ची उचलून घेऊन आला होता. ती त्यानं कम्प्यूटरसमोर मांडली आणि बसला.

"बघितलंस? लोकांना असं आवडतं. आता बाकीचे पाचही आपण बसून बघू. मी सुचवतो, तू काढ. बंदबिंद काही करू नकोस."

"पाच माझे म्हणाला होतास तू."

"तुझेच आहेत गं. मी कुठे नाव मागतोय?"

तिनं त्या भागाचं पान उघडलं. खाली लोकांच्या प्रतिक्रिया वाहत होत्या, हृदयं, जोडलेले हात, रडके चेहरे. दादा एकेक मोठ्यानं वाचत होता. वाचता वाचता थांबला.

"हा खिडकीवाला कोण?"

"वाचक आहे. पहिल्यापासूनचा."

"काय लिहिलंय हे? 'हे घुबड बोललेलं नाही.' म्हणजे काय?"

धाकटीनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"काढून टाक ते," दादा म्हणाला. "मावशी बघेल, मामा बघतील. उगाच फाटे."

तिनं माउस त्या ओळीवर नेला. मग तिनं ती ओळ काढून टाकली. खालची हृदयं एक घर वर सरकली.

"हं," दादानं खुर्ची पुढे ओढली आणि पाय पसरले. "आता पुढचं उघड. चहा सांगू का? मला काही घाई नाही आज."