हेडच्या कडेचे ठिपके

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा मला वीट आलाय. त्यांच्यातला सगळ्यात मोठा दीडशहाणा मीच, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या आजोबांची, म्हणजे आबांची, जुनी विलायती गाडी आहे. फौजेतून सुभेदार म्हणून परतल्यापासून तिचं इंजिन त्यांनी स्वतः सांभाळलं. यंदा डोळे दगा द्यायला लागले. दिवाळीला लायसन संपणार आणि नवं मिळणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. "त्याच्या आत एकडाव सोता चालवत गावाकडं उंब्रजला जातो," म्हणाले. "लय काय मागत न्हाई."

मी हो म्हणालो. पण दसऱ्यानंतर आमच्या गटाची फेरी होती, साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायची. गेल्या वर्षी तिथं आमची गाडी धापा टाकत चढली, त्याचा व्हिडिओ गटात फिरला. ते मला झोंबलं होतं. मग कुणीतरी अक्कल शिकवली. इंजिनवरचं जाड झाकण असतं, त्या हेडचा तळ घासून घ्यायचा, म्हणजे सिलिंडरमधली जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, गाडी पळते.

आबा डोळे दाखवायला मिरजेला गेले, तेवढ्यात मी हेड उतरवलं. सांगलीत ट्रॅक्टरची हेडं घासणाऱ्या मिस्त्रीकडं नेलं. त्यानं ते उलटंपालटं केलं.

"आदी कवा घासलंय का? घासलं की आमी कडंला ठिपका ठोकतो. ह्या रंगात काय दिसंना."

तो हिरवा रंग मीच फासलेला, फोटोत उठून दिसावा म्हणून. आबांना एक फोन केला असता तर कळलं असतं. पण ते नको म्हणतील, म्हणून केला नाही.

"कधीच नाही घासलेलं," मी ठोकून दिलं.

घाटाच्या पहिल्या वळणाला गाडी सुसाट निघाली. दुसऱ्याला इंजिन टकटक वाजायला लागलं. तिसऱ्याला पांढरा धूर. हेडला चीर गेली होती. मंडळी उतरली ती मोबाईल काढूनच. एकानं तर बॉनेट अजून वर धरायला सांगितलं, आणि मी धरलं. आजही आठवलं की स्वतःची शिसारी येते.

घरी आबांनी हेड पुढ्यात ओढलं. पेट्रोलात बोळा बुडवून हेडची कड पुसत बसले. रंगाखालून दोन ठिपके निघाले.

"दोनदा घासल्यालं हाय. तिसऱ्यांदा घासलं की पातळ हुनार, फुटनार. इचारायचं तरी हुतंस रं."

दुसरं हेड काही मिळालं नाही. दिवाळी आली, लायसन संपलं. त्या दिवशी आबांनी ठिपका पाडायचा पंच आणि हातोडी माझ्या हातात दिली.

"तिसरा ठोक. घासलंय तर खूण पायजे."

फुटक्या हेडवर मी ठिपका ठोकला. आबांना तो दिसत नव्हता. बोटानं चाचपून, नीट बसलाय का, ते बघत राहिले.