पंखेवाल्यांचा ड्रोन

आमच्या सासरेबुवांनी आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर पंखे टांगले आणि त्यातला एकही कधी पडला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. पण कुणाकडेही गेले की चहा येण्याआधी मान वर करून छताकडे टक लावतात आणि घरचेही उगाच वर बघू लागतात. लग्नाआधी ते पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हाही त्यांनी स्टूल मागवलं, आमच्या पंख्याचा बोल्ट आवळला आणि मगच माझ्याकडे बघून नाव विचारलं.

गल्लीत सगळे त्यांना पंखेवाले म्हणतात. त्यांची एक पद्धत आहे. एका नटावर त्यांचा विश्वास नाही. त्यावर दुसरा नट, मग पिन, आणि पिन निघालीच तर म्हणून तारेचा फास. गिऱ्हाईक कंटाळून जायचं, पण पंखेवाले शिडीवरून उतरायचे नाहीत.

गेल्या वर्षी सासूबाई जिन्यात पडल्या आणि त्यांचा पाय मोडला. पाय जुळला, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण सासरेबुवांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी न्हाणीघरात दांड्या बसवल्या, दारादारांत रबराच्या चटया टाकल्या, पलंगाच्या कडेला कठडा ठोकला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाई त्यानंतर खाली उतरल्याच नाहीत. पूर्वी त्या रोज सकाळी लाकडाच्या वखारीमागच्या तळ्याला फेरी मारून यायच्या. आता खिडकीत बसायच्या, आणि खिडकीतून दिसायच्या त्या फक्त समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या. त्यांनी तक्रार केली नाही. एकदा नुसतं विचारलं, तळं आटलं असेल का हो?

एवढ्यावरून आमच्या घरात ड्रोन सुरू झाला. कॅमेरा लावून तो तळ्यावर पाठवायचा आणि सासूबाईंना बसल्या जागी फोनवर तळं दाखवायचं, असा सासरेबुवांचा बेत, आणि तसा त्यांनी सासूबाईंना शब्दही दिला. तयार विकत आणायचं सुचवलं तर त्यांना राग आला. चार मोटरी, चार पाती, म्हणजे पंखेच की, असं म्हणाले. सुटे भाग पोस्टाने आले, जेवणाचं टेबल गेलं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो.

यंत्र तयार झालं आणि ढिम्म हललं नाही. मोटरी नुसत्याच टीं टीं करत राहिल्या. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, की रिमोटचा दांडा पार खाली असल्याशिवाय ते चालूच होत नाही, आणि आमचा दांडा केसभर वर राहिला होता. तो नीट केला. पाती फिरली, पण यंत्र वर जायच्या ऐवजी टेबलाला चिकटून बसलं. सासरेबुवांनी कागदाची पट्टी एकेका पात्याजवळ धरली. दोन ठिकाणी वारा वरच्या बाजूला येत होता. शेजारशेजारच्या मोटरी उलट्यासुलट्या फिरतात आणि प्रत्येकीचं पातं वेगळं असतं. त्यांनी दोन पात्यांची अदलाबदल केली होती. जन्मभर पाती बसवलेल्या माणसाला ते फार लागलं. त्या दिवशी ते धड जेवले नाहीत.

पाती बदलली. आता वारा खाली येऊ लागला, वर्तमानपत्र उडालं, पडदे उडाले, यंत्र थरथरत सरकत भिंतीपर्यंत गेलं. पण जमीन सोडेना. बॅटरी पुन्हा भरली, वायरी पुन्हा तपासल्या, मोटरींना तेलाचा थेंब दिला. माझा नवरा उंटावरचा शहाणा. म्हणाला, बाबा, टेबलफॅन म्हणून विकून टाका. त्यावर सासरेबुवांनी यंत्र उचलून पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतलं. मला त्यांच्या हट्टाचा रागही यायचा आणि पोटातून मायाही यायची. बायकोला दिलेला शब्द पाळता येईना म्हणून हा माणूस तिच्यासमोर बसायचंही टाळू लागला होता.

मी कुरियरच्या ऑफिसात काम करते. दिवसभर पार्सलं काट्यावर ठेवते. एका रविवारी टेबल पुसायला म्हणून ते यंत्र उचललं आणि त्याचं वजन हाताला खटकलं. स्वयंपाकघरातला काटा आणून त्यावर ठेवलं. सोबत आलेल्या कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा ते जवळजवळ दीडपट भरलं.

मग नीट बघितलं. प्लॅस्टिकच्या स्क्रूंच्या जागी लोखंडी बोल्ट. प्रत्येक बोल्टला दोन नट. यंत्राच्या प्रत्येक हाताला तारेचे वेढे. बॅटरीभोवती पत्र्याचा पट्टा, आणि खाली सळईचं कडं.

"बाबा, हे सगळं कशाला?" मी विचारलं.

"पडलं तर?" ते म्हणाले.

"आधी उडू तर द्या," मागून सासूबाई म्हणाल्या.

सासरेबुवांनी पाना हातात घेतला, पहिल्या नटाला लावला आणि तसाच धरून बसले. त्यांच्याच्याने तो फिरवेना. सासूबाई काठी टेकत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या हातातून पाना घेतला. एकेक नट काढून त्या बशीत टाकत होत्या आणि दर वेळी सासरेबुवांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होत होता. पण त्यांनी अडवलं नाही. शेवटचा तारेचा वेढा सासरेबुवांनी स्वतः सोडला आणि मूळचे प्लॅस्टिकचे स्क्रू परत बसवले.

मग त्यांनी यंत्र जमिनीवर ठेवलं आणि दांडा हळूच वर केला. ते थरथरलं, एका बाजूला झुकलं आणि उठलं. गुडघ्याएवढं, मग टेबलाएवढं. जरा डोलत, पण तिथेच राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. सासरेबुवांनी यंत्र खाली उतरवलं आणि लहान मुलासारखे हसत वळले.

"उद्या तुला तळं दाखवतो," ते म्हणाले.

पण खुर्चीत कुणी नव्हतं. सासूबाई दाराशी बसून बूट घालत होत्या.

"दाखवू नका," त्या म्हणाल्या. "मी जाते."

जिना ओला असेल, असं सासरेबुवांनी सुचवलं. तो कोरडा होता. मग पाय, मग ऊन, मग संध्याकाळी जाऊ. सासूबाईंनी बुटाची नाडी बांधून घेतली.

"पडेन कदाचित," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही मला वर्षभर घट्ट आवळून ठेवलंय हो. माझा जीव गुदमरतो."

सासरेबुवा माझ्याकडे बघायला लागले, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी सासूबाईंच्या हातात काठी दिली. सासरेबुवांनी खुंटीवरून किल्ल्या घेतल्या आणि दार उघडून बाजूला झाले.

दोघांना खाली पोचायला फार वेळ लागला. मी जिन्याकडच्या खिडकीतून बघत राहिले. फाटकातून आधी सासूबाई बाहेर पडल्या, काठी टेकत, सावकाश, पण वखारीच्या दिशेने. त्यांच्या मागे दोन पावलांवर सासरेबुवा, दोन्ही हात बाजूला पसरून, नुकतं चालायला लागलेल्या पोरामागे चालावं तसे. रस्त्यावरचे लोक बघत होते, त्याची त्यांना फिकीर नव्हती.

सासूबाई मागे न वळता काहीतरी म्हणाल्या. सासरेबुवांनी एक हात खाली घेतला. एकच.