संयुक्त पाहणीची सही

"ताई, तुम्ही उठा. जरा पाण्याच्या बाटल्या वाटा."

नगरच्या हॉटेलातला हॉल. लांबलचक टेबल, प्रत्येक खुर्चीपुढे संस्थेच्या नावाची पाटी. माझ्याही संस्थेची होती. सल्लागार कंपनीच्या साहेबांनी ती उचलून उपडी ठेवली आणि माझ्या खुर्चीत ठेकेदाराच्या पाहुण्याला बसवलं. मी उठले. बाटल्या वाटल्या. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

प्रकल्प मोठा. धरणाचं पाणी जामखेडच्या कोरड्या गावांना न्यायचं. एक कंपनी मोठी पाइपलाइन टाकणार, दुसरी टाक्या बांधणार, तिसरी गावात नळ देणार. या सगळ्यांची मोट साहेबांनी बांधायची. आमची संस्था एवढीशी. गावोगाव लोकांची संमती आणायची, बस्स. पण कर्ज देणाऱ्या बँकेचा नियम होता. गावाचं काम संपलं की सगळ्यांनी मिळून पाहणी करायची, कागदावर सगळ्यांच्या सह्या, आणि लोकांच्या संस्थेची सही शेवटी. ती नसेल तर काम पूर्ण धरायचं नाही.

पाहणी कुणीच करत नसे. जेवणं झाली की बडीशेप चघळत कागद टेबलावरून फिरायचा. मीही सह्या केल्या. अकरा गावांच्या, डोळे झाकून. लपवून काय करू?

त्या दिवशीचा कागद माझ्याच गावाचा होता. म्हणून नकाशा पाहिला. टाकीवाल्यांची हद्द टाकीपाशी संपत होती. नळवाल्यांची वेशीपासून सुरू होत होती. मधे आमची वस्ती. माझी आई राहते ती. दोन्ही कंपन्यांनी ती एकमेकींवर ढकललेली, म्हणून कुणाच्याच यादीत नव्हती.

मी उभ्यानेच म्हणाले, "साहेब, आमची वस्ती राहिली."

त्यांनी मान वर केली नाही. "इथं अख्ख्या तालुक्याचं चाललंय, ताई. तुमच्या घरचा नळ नंतर बघू."

हॉल हसला. तो पाहुणासुद्धा.

कागद माझ्यापुढे आला. मी पेन खाली ठेवलं, पिशवी उचलली आणि एसटी धरली. गावात पोचले तर आई नव्या टाकीखालून हंडा घेऊन चालली होती. दुसऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर. मला रडू आलं नाही. संताप आला. साहेबांचा आला, आणि त्याहून जास्त माझ्या अकरा सह्यांचा.

पुढे उद्घाटन ठरलं. मंत्री येणार होते. साहेबांचा फोन चार दिवस वाजत राहिला, मी उचलला नाही. मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पाचव्या दिवशी उचलला, तर म्हणाले, "मॅडम, फक्त एक सही." ताईची मॅडम झाली होती.

"टाकीपाशी या," मी म्हणाले.

भर दुपारी आले. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला. मी म्हणाले, "आधी पाहणी. पायी." गाडी तिथेच ठेवायला लावली आणि वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत चालवलं त्यांना. सावलीला थांबू दिलं नाही. शेवटचं घर आईचं. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ओठ चाटत म्हणाले, "पाणी मिळेल का?"

मी हलले नाही. आई दारातून म्हणाली, "पानी दे गं त्यांना. सही देऊ नको अजाबात."

पाणी दिलं. तांब्या रिकामा करून त्यांनी पेन पुढे केलं. मी म्हणाले, "तुम्हीच लिहा. वस्ती राहिली आहे, काम अपुरं आहे. खाली तुमची सही करा."

"माझी नोकरी जाईल, मॅडम."

"जाऊ दे."

न लिहिताच गेले. उद्घाटन पुढे ढकललंय. मला कामावरून काढा म्हणून आमच्या संस्थेला साहेबांच्या कंपनीचं पत्र आलंय. काढू देत.

मी जुन्या कागदांच्या प्रती घेऊन निघाले आहे. काल अकरातल्या पहिल्या गावात गेले. तिथेही टाकी आणि वेशीच्या मधे एक वस्ती होती, हंडे घेतलेल्या बाया होत्या. तिथेच बसून बँकेला लिहिलं, मी न बघता सही केली होती, ती मागे घेते. अजून दहा गावं आहेत. प्रत्येक गावात साहेबांना बोलावणार आहे, भर दुपारी, पायी.